खुंटा हलवून बळकट करताना



दिवाळीच्या सुटीनंतर कॉलेज उघडले, त्या दिवशीची गोष्ट. रायगड जिल्ह्यातील एका किनारी गावाहून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेच्या टेबलावर एक चकचकीत पोलादी वस्तू ठेवली. हाताच्या पंजाएवढी लांब आणि दोन्ही टोकांना आडवी शिंगे असलेली.

"सर, हा काकांच्या बोटीवरचा खुंटा. याला क्लीट म्हणतात. एका रात्री वारा सुटला आणि बोट धक्क्यापासून सुटून खडकांवर गेली. दोर तुटला नाही, गाठ सुटली नाही, खुंट्याला तर ओरखडाही नाही. मग बोट गेली कशी?"

मी खुंटा उलटा केला. खाली चार स्क्रू जसेच्या तसे होते. त्यांच्या आट्यांत काळपट, ओलसर भुगा अडकला होता. नखाने खरवडताच त्याचे पीठ झाले. उत्तर तेथेच होते.

काकांना आता नवे खुंटे बसवायचे होते, आणि तेही डेकमध्ये दबून बसणारे. डेक म्हणजे बोटीचा वरचा, आपण ज्यावर चालतो तो पृष्ठभाग. दबणारा खुंटा काम नसताना डेकच्या पातळीत बसतो आणि दोर बांधायचा झाला की वर ओढून घेता येतो. पायाला ठेच लागत नाही, गळाची दोरी अडकत नाही. पण कोणता घ्यावा आणि कसा बसवावा? हे ठरवायला दुकानातील यादी पुरत नाही. तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील तीन-चार प्रकरणे लागतात. चला, एकेक पाहू.

खुंटा दोर कसा धरतो?

दाव्याला हिसके देणाऱ्या बैलाला आवरताना शेतकरी दावे खांबाला दोन वेढे देतो आणि मोकळे टोक एका हातात धरतो. बैलाची ओढ त्या हाताला जेमतेम जाणवते. ही किमया घर्षणाची.

दोराच्या प्रत्येक वेढ्याबरोबर ताण ठरावीक वजाबाकीने नव्हे, तर ठरावीक भागाकाराने कमी होतो. दोर व खांब यांतील घर्षणगुणांक ०.२५ धरला, तर एका पूर्ण वेढ्यात ताण सुमारे ४.८ पटींनी उतरतो. बोट १,००० न्यूटन बलाने ओढत असेल, तर एका वेढ्यानंतर २०८ न्यूटन, दोन वेढ्यांनंतर ४३ न्यूटन आणि तीन वेढ्यांनंतर अवघे ९ न्यूटन बल उरते. ९ न्यूटन म्हणजे एक किलोग्रॅमहूनही कमी वजन! लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १८ व्या शतकात याचे गणित मांडले. (वरच्या इयत्तांसाठी: घर्षणगुणांक आणि रेडियनमधील कोन यांचा गुणाकार करा. २.७१८ या संख्येचा तितका घात म्हणजे हा 'पट'.)

या गणितात खांबाच्या जाडीला जागाच नाही, हे ध्यानात घ्या. ताण किती उतरेल हे वेढ्यांच्या कोनावर आणि घर्षणावर ठरते.

हे करून पाहा. दोन खुर्च्यांवर लाकडी काठी आडवी ठेवून ती फिरणार नाही अशी घट्ट बांधा. जाड सुती दोऱ्याच्या एका टोकाला एक लिटर पाण्याने भरलेली बाटली आणि दुसऱ्या टोकाला रिकामा हलका कप बांधा. दोरा काठीवरून नुसता टाकला, की अर्धा वेढा होतो. बाटली हाताने उचलून धरा. कपात औषधाच्या मापाने मोजून पाणी ओता आणि बाटलीवरचा हात अलगद सैल करून पाहा. बाटली खाली सरकायची थांबायला किती पाणी लागले? आता हेच दीड वेढा आणि अडीच वेढे देऊन करा. घर्षणगुणांक ०.२५ असेल, तर अडीच वेढ्यांना सुमारे २० ग्रॅमच पुरतील. तुमच्या काठीचा आकडा वेगळा येईल. त्यावरून तिचा घर्षणगुणांक काढा.

बोटीवरच्या खुंट्याला आधी बुडाभोवती एक पूर्ण वेढा देतात, मग दोन्ही शिंगांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे घेतात आणि शेवटचा फेरा उलटा करून अडकवतात. म्हणजे बोट धरते ती गाठ नव्हे, वेढे. गाठ फक्त उरलेले ते नऊ न्यूटन सांभाळते.

खुंट्यावर जोर किती येतो?

काकांची बोट सुमारे ६ मीटर लांब आणि यंत्रासह १,००० किलोग्रॅम वजनाची. पाण्यावर दिसणारी तिची बाजू सरासरी १ मीटर उंच धरली, तर वाऱ्याला ६ चौरस मीटर क्षेत्रफळ मिळते. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाचा वारा समोरून अडवला, तर त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १३५ न्यूटन होतो. बोटीवर एकूण जोर झाला साधारण ८०० न्यूटन. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की जोर चौपट होतो: ३,२०० न्यूटनांहून अधिक. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळातील वारे ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचे होते. तेव्हा हा हिशेब नुसता कागदावरचा नाही.

वाऱ्याच्या ओढीपेक्षाही भयंकर असतो तो हिसका. सैल दोराने बांधलेली ही बोट लाटेबरोबर सेकंदाला १ मीटर वेगाने सरकली, तर तिची गतिज ऊर्जा ५०० ज्यूल असते. दोर न ताणणारा असेल आणि बोट ५ सेंटिमीटरांत थांबली, तर सरासरी बल १०,००० न्यूटन लागेल. खुंट्याला एक टन वजन टांगल्यासारखेच ते! तेच बोट ५० सेंटिमीटरांत थांबली, तर सरासरी बल १,००० न्यूटन होते. म्हणून बोट बांधायला नायलॉनचा, चांगला ताणणारा दोर घेतात. ५ मीटर दोर एक दशांशाने ताणला, की हे ५० सेंटिमीटर मिळतात. मात्र स्प्रिंगप्रमाणे दोराचा ताणही शून्यापासून वाढत जातो. त्यामुळे शेवटच्या क्षणी तो सरासरीच्या सुमारे दुप्पट, म्हणजे २,००० न्यूटन होतो. पुढचा हिशेब याच आकड्यावर करू.

आणखी एक शत्रू म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत ४ मीटरांहून अधिक फरक पडतो. भरतीच्या वेळी उंच धक्क्याला आखूड दोराने बांधलेली बोट ओहोटीला खुंट्यांवर अक्षरशः लोंबकळू शकते. दोर लांब ठेवणे हाच त्यावर उपाय.

जोर जातो कोठे?

दोर आडवा ओढतो, पण तो डेकच्या पृष्ठभागावर नसतो. थोडा वर असतो. समजा, दोर डेकपासून ४ सेंटिमीटर उंचीवर आहे आणि खुंट्याचे दोन बोल्ट ओढीच्या दिशेत एकमेकांपासून ८ सेंटिमीटरांवर आहेत. पुढच्या बोल्टापाशी टेकू मानून तरफेचा नियम लावा: २,००० गुणिले ४ भागिले ८, म्हणजे १,००० न्यूटन. आडव्या ओढीने मागच्या बोल्टाला १,००० न्यूटन बलाने *वर* उपटायचा प्रयत्न केला!

आता स्क्रू आणि बोल्ट यांतला फरक कळेल. स्क्रू लाकडाच्या ज्या तंतूंत रुतलेला असतो, तेवढ्यांच्याच भरवशावर उभा असतो. बोल्ट डेकच्या आरपार जातो आणि खालून नटाने आवळला जातो. तरीही दोन बोल्टांच्या लहान वॉशरांचे क्षेत्रफळ मिळून जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर. त्यांच्याऐवजी खाली १० बाय १५ सेंटिमीटरांची जाड प्लेट लावली, तर तोच जोर १५० चौरस सेंटिमीटरांवर पसरतो आणि सरासरी दाब तिसाव्या हिश्शावर येतो. वाळूत टाच रुतते, पण फळीवर उभे राहिले की रुतत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मग तो काळा भुगा कसला? फायबरग्लासच्या अनेक बोटींचे डेक सँडविचसारखे असते: वर-खाली फायबरग्लासचे पातळ थर आणि मध्ये प्लायवुड किंवा बाल्साचे हलके लाकूड. स्क्रूच्या भोकातून पाणी थेंबाथेंबाने आत शिरले, लाकूड कुजले आणि स्क्रूची पकड गेली. वरून सारे चकचकीतच होते. खुंट्याची ताकद त्याच्या चकाकत्या धातूत नसते, ती डेकखाली असते, हे त्या भुग्याने सांगितले.

दबणारा खुंटा निवडताना

मापासाठी नावाड्यांचे दोन सोपे ठोकताळे आहेत. बोटीच्या दर ९ फुटांना किंवा त्यांच्या उरलेल्या भागाला दोराचा व्यास १/८ इंच धरा आणि खुंट्याची लांबी दोराच्या व्यासाच्या १६ पट घ्या. २० फुटी, म्हणजे ६ मीटर बोटीला सुमारे १० मिलिमीटर दोर आणि १५ सेंटिमीटर (६ इंची) खुंटा येतो. निदान चार खुंटे हवेत: दोन नाळेकडे आणि दोन मागे. मध्यभागी आणखी दोन असले तर उत्तम.

धातू '३१६' जातीचे स्टेनलेस स्टील असावे. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो. तो खरवडला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे पुन्हा तयार होतो. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड या थराला भोके पाडते. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, ते या हल्ल्याला आवर घालते. स्वस्त ३०४ मध्ये ते नसते. चुंबक लावून हा फरक ओळखता येत नाही, कारण दोन्ही जाती चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. म्हणून पोलादाची जात लेखी मागावी.

दबणाऱ्या खुंट्याखाली एक वाटी असते आणि तिच्यात पाणी साचते. साचलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो आणि चांगले स्टीलही खड्डे पडून झिजते. म्हणून वाटीला निचऱ्याची नळी जोडण्याची सोय असलेलाच खुंटा घ्या. वाटी आणि नळी मावायला डेकखाली पुरेशी जागा आहे ना, आणि नट आवळायला हात पोहोचतो ना, हे खरेदीपूर्वी पट्टीने मोजा.

बसवताना

हे काम मोठ्या माणसांचे आणि कारागिराचे. तुम्ही पाहा आणि प्रश्न विचारा. फायबरग्लासची धूळ डोळ्यांत आणि फुप्फुसांत जाऊ नये म्हणून चष्मा आणि मुखपट्टी आवश्यक.

आधी कागदी नमुना ठेवून जागा आखावी आणि खालून तारा किंवा नळ्या जात नाहीत, याची खात्री करावी. भोक पाडल्यावर कडेचे मधले लाकूड सुमारे एक सेंटिमीटर कोरून काढावे आणि ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरावी. बोल्टांसाठी लागणाऱ्यापेक्षा मोठी भोके पाडून तीही इपॉक्सीने भरावीत आणि इपॉक्सी कडक झाल्यावर त्यातून नेमक्या मापाची भोके पाडावीत. आता पाणी शिरले तरी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. लाकूड कुजलेले आढळले, तर ते सारे काढून भाग नव्याने भरावा. कुजक्यावर नवे बसवू नये. भोकाच्या वरच्या कडा किंचित तिरप्या कराव्यात, म्हणजे बोल्टाभोवती सागरी सीलंटचे कडेच तयार होते. खालून प्लेट लावून न सुटणारे नट आवळावेत. आवळताना फक्त नट फिरवावा, बोल्ट नव्हे. नाहीतर सीलंटचे कडे फाटते. शेवटी निचऱ्याची नळी उतारावर बसवावी आणि वाटीत पाणी ओतून ते वाहून जाते का, हे पाहावे.

एक इशारा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीही उभे राहू नका. वरच्या उदाहरणातील ५०० ज्यूल ऊर्जा दोरात साठलेली असते. खुंटा उपटला आणि ती सारी ऊर्जा अर्ध्या किलोच्या खुंट्याला मिळाली असे धरले, तर त्याचा वेग ताशी १६० किलोमीटर होतो. अतिवेगवान गोलंदाजाच्या चेंडूचा वेग, आणि चेंडूच्या तिप्पट वजनाचे पोलाद! बोट सुटली तेव्हा रात्र होती आणि डेकवर कोणी नव्हते, हे त्या काकांचे भाग्य.

आपल्याकडे 'खुंटा हलवून बळकट करणे' असा वाक्प्रचार आहे. तो येथे शब्दशः पाळावा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक खुंटा हाताने धरून हलवावा. गोड्या पाण्याने वाटीतील मीठ आणि वाळू धुवावी. भोवतालच्या डेकवर नाण्याने टकटक करावी. निरोगी भाग खणखणीत वाजतो. कुजलेला बद्द वाजतो. डेकखाली डोकावून नट पाहावेत.

माझ्या विद्यार्थ्याने काकांना हे सारे सांगितले. ते नवे खुंटे जुन्याच जागी लगेच ठोकणार होते. त्याने आधी नाण्याची टकटक करायला लावली. उरलेल्या तीन खुंट्यांपैकी दोघांखालून आवाज बद्द आला.

विचार करा

१. घर्षणगुणांक ०.२५ ऐवजी ०.१५ झाला, तर तीन वेढ्यांनंतर १,००० न्यूटनांपैकी किती बल उरेल?

२. दोर खुंट्यावर ४ ऐवजी २ सेंटिमीटर उंचीवर बांधला, तर मागच्या बोल्टावरील ओढ किती होईल? मग शिंगांच्या टोकाला दोर बांधण्याऐवजी पहिला वेढा बुडाला का देतात?