पर्लॉइन म्हणजे लांबवणे!

जीआरईची शब्दयादी पाठ करणाऱ्यांना 'पी'च्या पानावर एक शब्द हमखास भेटतो : पर्लॉइन. पुढे अर्थ दिलेला असतो, 'चोरणे'. बस्स! पण एवढ्याने काम भागत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, म्हणून हा शब्द मला इंग्रजीतच भेटला. कळला मात्र मराठी पेपर वाचून.

याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. त्यातला 'ल्वाँ' म्हणजे दूर, लांब. म्हणून पर्लॉइनचा मूळ अर्थ वस्तू दूर सारणे. पुढे इंग्रजीत तो मालकाच्या नकळत दूर नेणे, म्हणजेच चोरणे असा झाला. आता आपला पेपर उघडा : 'चोरट्यांनी दागिने लांबवले.' लांब नेले, म्हणजे चोरले! दोन भाषांना एकच कल्पना सुचली. (बैठकसुद्धा लांबवतात, पण ती कोणी चोरत नाही!)

आता वापर बघू. चाकू दाखवून लुटलं तर ते 'रॉब'. पर्लॉइनमध्ये दमदाटी नसते. गुपचूप आणि बरेचदा विश्वासातल्या माणसाने केलेलं काम असतं. शिवाय रॉब माणसाला किंवा बँकेला करतात, पर्लॉइन वस्तूला. एडगर ॲलन पो याच्या १८४४ च्या 'द पर्लॉइन्ड लेटर' या कथेत एक मंत्री राजघराण्यातल्या बाईंचं पत्र त्यांच्या डोळ्यांदेखत उचलतो आणि जागेवर आपलं पत्र ठेवून जातो. बाई बघतात, पण बोलू शकत नाहीत. ना कुलूप तुटलं, ना आरडाओरडा झाला. शीर्षकात हाच शब्द का, ते इथे समजतं.

हा शब्द भारदस्त आहे, किंचित गमतीचाही. आणि खरी गोम इथेच आहे. शब्द सभ्य झाला की कामही सभ्य वाटायला लागतं. आपल्याकडेही ढापणे, उडवणे, उचलणे असे शब्द आहेतच की! बेसा भागातल्या आमच्या हॉस्टेलवर मागच्या वर्षी एक कॅल्क्युलेटर गायब झाला. संशय लगेच मेसच्या पोऱ्यावर. दोन दिवस सगळे त्याला तोंडावर 'चोट्टा' म्हणत होते. मग कॅल्क्युलेटर निघाला एका सिनियरच्या बॅगेत. तेव्हा काय म्हटलं गेलं? 'अबे, भाऊने ढापला होता!' वर हशा. वस्तू तीच, पण पोऱ्यासाठी एक शब्द आणि भाऊसाठी दुसरा. पोऱ्याला सॉरी कोणीच म्हटलं नाही.

कायदा असा फरक करत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे, दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू संमतीशिवाय, बेइमानीने घेण्यासाठी नुसती हलवली तरी ती चोरीच. म्हणजे कायद्यालाही वस्तू 'लांबवणं' पुरतं!

तेव्हा दोस्तहो, परीक्षेत पर्लॉइन जरूर वापरा. पण रेक्टरकडे अर्ज करताना सरळ 'चोरी' लिहा. आणि कोणाला चोर म्हणण्याआधी एवढंच बघा की तोच शब्द आपण आपल्या रूममेटसाठीही वापरला असता का?