मागणीपत्रकाची पडताळणी : सहीपूर्वीची तपासणी

रुग्णालयासाठी संगणकप्रणाली करून घ्यावयाची ठरली, की प्रथम मागणीपत्रक तयार होते. प्रणालीने काय काय करावे, याची ही लेखी यादी व्यवसाय-विश्लेषक सिद्ध करतो व सहीसाठी डॉक्टरांपुढे ठेवतो. त्या सहीपूर्वी दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

मागणी नीट लिहिली आहे काय, हा पहिला प्रश्न. यालाच पडताळणी म्हणतात. ती पूर्ण झाल्याने आपली गरज भागेल काय, हा दुसरा. औषधाच्या चिठ्ठीत नाव, मात्रा व वेळ स्पष्ट आहे ना, हे आपण आधी पाहतो. ते औषध त्या रुग्णास योग्य आहे का, हा विचार त्यानंतरचा. येथेही क्रम तोच.

एक उदाहरण घेऊ. ‘औषधाची ॲलर्जी असल्यास सूचना द्यावी.’ वाक्य निर्दोष वाटते. पण सूचना कोणाला द्यावी, डॉक्टरांना की परिचारिकेला? केव्हा द्यावी? आणि ॲलर्जीचा रकाना रिकामा असेल तर ‘ॲलर्जी नाही’ समजावे, की ‘विचारलेले नाही’? या शेवटच्या प्रश्नावर रुग्णाचे प्राण अवलंबून असू शकतात. म्हणून मागणी अशी हवी : ‘डॉक्टरांनी निवडलेले औषध नोंदलेल्या ॲलर्जीशी जुळल्यास चिठ्ठी छापण्यापूर्वी इशारा दिसावा, रकाना रिकामा असल्यास तो भरल्याविना पुढे जाता येऊ नये.’ आता ती स्पष्ट झाली, पूर्ण झाली व चाचणीने सिद्ध करता येण्याजोगी झाली. मात्र अन्य पानावर ‘अपघात विभागात कोणताही रकाना न भरता औषध लिहिता यावे’ असे असेल, तर विसंगती उरतेच. तिचा निर्णय संगणकतज्ज्ञाने नव्हे, डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

पडताळणी अपुरी राहिल्यास काय घडते, हे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी अनुभवले. गाड्या धाडण्याची नवी संगणकप्रणाली त्या दिवशी पूर्णपणे सुरू झाली आणि कोलमडली. प्रत्येक गाडीचे स्थान व स्थिती जवळजवळ अचूक कळत राहील, हे तिचे गृहीतक होते. माहिती चुकताच एकाच रुग्णाकडे दोन गाड्या जाऊ लागल्या, तर काहींना ताटकळावे लागले. फेब्रुवारी १९९३ च्या चौकशी अहवालाने या गृहीतकावर बोट ठेवले. ‘माहिती चुकली तर काय?’ हा प्रश्न कागदावर असतानाच विचारणे स्वस्त पडते.

यास्तव मागणीपत्रक समोर येईल तेव्हा प्रत्येक वाक्याशी थांबावे : याचा अर्थ एकच होतो ना? काही सुटले नाही ना? अन्य मागणीशी विरोध नाही ना? आणि ही पूर्ण झाली, हे कसे तपासणार? चारही उत्तरे मिळाल्यावरच दुसऱ्या प्रश्नाकडे, आणि मग सहीकडे वळावे.