अंगठा लावण्याआधी

अगं, फुकट आहे म्हणून मिळेल त्या क्लासला नाव घालू नकोस, आणि फुकट आहे म्हणून हलकंही समजू नकोस. सुरतच्या आपल्या लिंबायत-डिंडोलीत कुठे सरकारी योजनेचा बोर्ड दिसला की आपल्या मुली एकमेकींना ओढत नेतात, आधार देतात, अंगठा लावून येतात. घरी विचारलं तर कोर्सचं नावसुद्धा धड सांगता येत नाही.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ पासून चालू आहे. तुझ्याकडून फी घेत नाहीत, कारण ती सरकार केंद्राला देतं, बॅचमधली डोकी मोजून. म्हणून घाई केंद्रवाल्याला असते. तुला नसू दे. आणि ‘फॉर्मचे’, ‘सीट पक्की करायचे’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथून सरळ उठून यायचं.

कापडाच्या कामासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाची ‘समर्थ’ नावाची वेगळी योजना आहे. तिथे हजेरी अंगठ्यावर असते आणि ती ८० टक्के भरली नाही, तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे मध्येच लग्नसराईला पंधरा दिवस अमळनेरला जाऊन बसायचं नाही, हे काकूंना आधीच सांगून ठेव. नवीन शिकणाऱ्यांपैकी निदान ७० टक्के जणांना काम मिळवून द्यायचं, असाही तिचा नियम आहे. मग विचार की बिनधास्त, ‘मागच्या बॅचच्या मुली आता कुठे कामाला आहेत?’ त्यातल्या एकीला गाठून पगार हातात किती येतो तेही विचार.

पण माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी आयटीआय. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट आणि आयटीआयचं सर्टिफिकेट यांना एकच भाव नसतो. घरात लगेच पैसा हवा असेल तर छोटा कोर्स कर, त्यात कमीपणा नाही. पण तुझा भाऊ कमावतोय, एक-दोन वर्षं घर थांबू शकतं. काकू म्हणतील, शिवण घे. अगं, साडीला लेस लावणं आणि धागा कटिंग आपल्या गल्लीत दारादारांत चालतं, नगावर पैसे मिळतात, ते शिकायला सरकारचं वर्ष कशाला घालवायचं? इलेक्ट्रिशियन बघ, नाहीतर कोपा, म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड. वायरमनला आणि वेल्डरला तर आठवी पासही चालते. पोरींचं काम नाही म्हणणारे म्हणू देत.

आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप ही खरी गंमत. १९६१ च्या कायद्यानुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि दरमहा स्टायपेंड द्यावा लागतो. हजिऱ्याचे मोठे कारखाने इथून किती लांब आहेत?

आता कागदांचं. आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. बाबांचा जातीचा दाखला धुळ्याचा आहे, म्हणून तू राखीव जागा धरून बसली असशील. ती मिळत नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना मूळ राज्याच्या दाखल्यावर नव्या राज्यात आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितलंय. तेव्हा खुल्या जागेच्या हिशेबाने ट्रेड भर, एकाच ट्रेडवर अडून बसू नकोस. दुसरं म्हणजे नाव. इथल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर ते शेवटी, आणि मध्ये बाबांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. एलसी, मार्कशीट, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेव आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. बँक खातं तुझ्या स्वतःच्या नावाचं हवं, भावाच्या नाही.

गुजरातीची भीती वाटते म्हणतेस. मराठी शाळेतून गेलेल्या सगळ्याच मुलींना पहिले काही दिवस वाटते. पण भाजीवाल्याशी गुजराती, गल्लीत हिंदी आणि घरात अहिराणी बोलणारी तू, तुला वर्गातलं गुजराती किती दिवस जड जाणार? वाचायचा मात्र सराव कर, दुकानांच्या पाट्यांपासून सुरुवात कर.

प्रवेशाचे फॉर्म दहावीच्या निकालाच्या आसपास सुरू होतात आणि तेव्हा आधार केंद्रावर ही रांग लागते. म्हणून नावाची दुरुस्ती याच आठवड्यात करून घे. मग मजुरा गेटच्या आयटीआयला आपण दोघी जाऊन ट्रेड बघून येऊ. काकूंना मी समजावते, बाबांशी तू बोल.