चालत्या संगणकाच्या अंतरंगांतील दुरुस्ती

जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बीण तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ती झाली आहे. सन २०१० नंतरच्या दशकांत तिचें नूतनीकरण झालें. तबकड्या त्याच राहिल्या. परंतु पूर्वीं एका वेळीं ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा तपासतां येई, तेथें आतां ४०० पर्यंत येतो. ग्राहकयंत्रें नवीं बसविलीं हें खरें. पण आम्हांस अधिक नवल वाटलें तें त्या वेळीं आणलेल्या ‘रोच’ नांवाच्या पटलांचें. त्यांतील मुख्य चिपची जुळणी कारखान्यांत कायमची ठरलेली नसते. पटलावरच चालणारी लहानशी लिनक्स प्रणाली एक फाइल भरून ती ठरविते. वीज गेली कीं ती जुळणी पुसली जाते!

आपल्या घरच्या संगणकांतही याच जातीची एक सोय असते. प्रोसेसरला ‘भागाकार कर’ अशी मोठी आज्ञा मिळाली, तर पुष्कळदां तिच्या बारीक बारीक पायऱ्या पाडाव्या लागतात. त्या पायऱ्यांच्या लेखास मायक्रोकोड म्हणतात. आंबेगांव तालुक्यांतील डिंभे धरणाची भिंत कोणी दरवर्षीं बदलीत नाहीं, परंतु आवर्तनाचें वेळापत्रक बदलतां येतें. येथेंही मूळ लेख कायमच्या स्मृतींत कोरलेला असतो. मात्र शेजारीं थोडी कोरी जागा राखलेली असते. चुकीची पायरी आली कीं काम त्या जागेंतील सुधारलेल्या पायरीकडे वळतें.

ही सोय नसली म्हणजे काय होतें, तें १९९४ सालीं दिसलें. इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरमध्यें भागाकाराच्या कोष्टकांतील कांहीं आंकडे राहून गेले होते; शेवटीं मागेल त्यास प्रोसेसरच बदलून द्यावा लागला. पुढल्याच वर्षीं निघालेल्या पेंटियम प्रोमध्यें दुरुस्तीची जागा आली.

दुरुस्ती कोरी जागा भरून होते, म्हणून वीज जातांच तीही जाते. यासाठीं संगणक सुरू होतांना प्रथम मदरबोर्डवरील बायोस ती भरते. कार्यप्रणालीजवळ त्याहून नवी प्रत असेल तर तीही, इतर कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं, प्रत्येक गाभ्यांत ती भरते. प्रोसेसर आधीं कंपनीची सही पारखतो व खोटी प्रत नाकारतो.

कांहीं पालक ‘चालत्या यंत्रास हात लावूं नये’ म्हणून अशा दुरुस्त्या पुढें ढकलतात. त्यांची भीति अगदींच निराधार नव्हे. जानेवारी २०१८ मध्यें, एका कार्यक्रमाचें गुपित दुसऱ्यास कळूं देणाऱ्या ‘स्पेक्टर’ दोषावर जी पहिली दुरुस्ती निघाली, तिनें कांहीं संगणक आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागले. ती वापरूं नका, असें इंटेललाच सांगावें लागलें. पण विलंबाचीही किंमत असते. त्याच कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कित्येक प्रोसेसरांना प्रमाणाबाहेर विद्युद्दाब मिळून ते झिजत होते. २०२४ मधील मायक्रोकोडनें तो आवरला. मात्र जे आधींच झिजले, ते त्यानें बरे झाले नाहींत.

आपल्या संगणकावर कोणती आवृत्ति आहे, हें लिनक्सवर प्रोसेसरची माहिती देणाऱ्या ‘सीपीयूइन्फो’ फाइलींत ‘मायक्रोकोड’ या ओळींत सांपडेल. दुरुस्तीपूर्वीं तो आंकडा वहींत उतरून घ्या, आणि संगणक पुन्हां सुरू झाल्यावर ताडून पाहा.