बाहेर पडलो आणि पोराला शू आली, तर?



या वेळचा विषय वाचून काहीजणी हसतील. कर्ज, व्याज, नोंदवह्या सोडून ही शी-शूवर काय लिहायला लागली? त्यात मला स्वतःला अजून मूल नाही. पण गेल्या पावसाळ्यात घडलेली एक गोष्ट सांगते, मग तुम्हीच ठरवा.

हायवेच्या पूर्वेकडच्या गावांतल्या गटांसाठी मी एक प्रशिक्षण ठेवलं होतं. हॉल ठरवला, बॅनर लावला, चहा-बिस्किटं सांगितली, हजेरीचा कागद काढला. हॉलच्या मागे शौचालय आहे, एवढं मी विचारून घेतलं होतं. त्याला कुलूप असेल हे काही माझ्या डोक्यात आलं नाही, आणि चावी ज्यांच्याकडे ते त्या दिवशी गावात नव्हते. साडेअकराच्या सुमारास एका ताईंचा अडीच वर्षांचा मुलगा पाय आवळून उभा राहिला. ताई त्याला घेऊन मागे गेल्या, कुलूप बघून परत पुढे आल्या. बाहेर धो धो पाऊस. तेवढ्यात दारातच सगळं झालं. दोघी-तिघी हसल्या, एकीने नाकाला पदर लावला. ताईंनी पोराच्या पाठीत धपाटा घातला, त्याला तसंच ओलं उचललं आणि रिक्षा करून घरी गेल्या.

पुढच्या दोन सभांना त्या आल्याच नाहीत. त्या दिवशी त्यांचा शिलाई मशीनच्या कर्जाचा अर्ज भरायचा होता, तो राहिला. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "आता पोरगं मोठं झाल्यावरच बाहेर पडेन." आणि आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी जास्त घाबरले. बाहेर जायचं असेल त्या दिवशी त्या मुलाला सकाळपासून पाणीच देत नव्हत्या. म्हणजे शू येणारच नाही.

मग मी इतर तायांना विचारत गेले. पाणी तोडणाऱ्या त्या एकट्या नाहीत. बँकेत, रेशनच्या रांगेत, लग्नाला, लोकलने जायचं असलं की कितीतरी घरांत असंच करतात. कुणी मुद्दाम त्रास द्यायला करत नाही, लाज वाटते म्हणून करतात. पण तायांनो, हे आधी थांबवायला हवं. का ते सांगते.

दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १०० ते १५० मिली शू मावते. म्हणजे आपला चहाचा एक मोठा कप. ती भरत आली हे मोठ्या माणसाला बरंच आधी कळतं आणि आपण "घरी गेल्यावर बघू" म्हणून दाबून धरू शकतो. लहान मुलाला कळतं तेच मुळी उशिरा. तो "शू" म्हणाला की तुमच्या हातात एखाद-दोन मिनिटं असतात, कधी तेवढीही नसतात. तो खोड्या करत नाही. दीड-दोन वर्षांपासून पुढे हळूहळू हा ताबा येतो, कुणाला लवकर, कुणाला तिसऱ्या वर्षानंतर. शेजारणीच्या पोराशी तुलना करून उपयोग नाही.

पाणी कमी पडलं तरी शू थांबत नाही, ती फक्त घट्ट आणि पिवळी होते. मग करताना जळजळ होते आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, मुलींमध्ये जास्त. शिवाय शी कडक होते, करताना दुखते. एकदा दुखली की मूल पुढच्या वेळी ती धरून ठेवतं. धरून ठेवली की आणखी कडक होते. काही मुलांचं पोट असं भरून राहतं की त्या कडक शीच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला डाग पडतात. आई म्हणते, "एवढा मोठा झाला तरी चड्डीत करतो," आणि मार देते. त्याला बिचाऱ्याला कळतही नाही की काही बाहेर आलं. अशा मुलाला मार नको, उपचार हवा. भरपूर पाणी, पेरू-पपई, भाज्या, डाळ, आणि आठवडाभरात फरक पडला नाही तर आरोग्य केंद्रातले डॉक्टर.

मारण्या-ओरडण्याचंही असंच. चारचौघांत मार बसलेलं मूल पुढच्या वेळी सांगायचंच बंद करतं, आणि न सांगता झालं की आपली आणखी पंचाईत. म्हणून चड्डी ओली झाल्यावर जरी म्हणालं, "आई, शू झाली," तरी "बरं झालं सांगितलंस, पुढच्या वेळी आधी सांग" एवढंच म्हणायचं. मला माहीत आहे, मागे रांगेतली माणसं बघत असताना हे बोलणं सोपं नसतं.

आता बाहेर पडतानाचं बघू. यातलं बरंचसं मी तुमच्याकडूनच शिकले.

पहिली गोष्ट म्हणजे "शू आली का?" असं विचारू नका. खेळातलं मूल "नाही" च म्हणतं. "चल, आपण शू करून येऊ," म्हणा आणि घेऊन जा. घरातून निघताना एकदा, पोचल्यावर एकदा, नंतर दीड-दोन तासांनी. खाल्ल्यानंतर वीस-तीस मिनिटांत बऱ्याच मुलांना शी लागते, कारण पोटात अन्न गेलं की आतडं हालायला लागतं. म्हणून सकाळी नऊची गाडी असेल तर भाकरी-दूध आठला द्या, निघता निघता घास भरवू नका. आणि मुलाच्या खुणा ओळखा. कुणी चड्डी धरतं, कुणी एका पायावर नाचतं, कुणी बडबड करता करता एकदम गप्प होऊन कोपऱ्यात जातं. आपली खूण काय, हे आजीला आणि शेजारच्या ताईलाही सांगून ठेवा.

कपड्यांचं सांगते, कारण इथे आपण हमखास चुकतो. लग्नाला म्हणून बटणाची जीन्स, पट्ट्यांची डंगरी, मुलीला घट्ट लेगिंग. ते सोडवेपर्यंत काम झालेलं असतं. चेनच्या पँटमध्ये मुलग्याची कातडी अडकून दवाखान्यात न्यायची वेळ येते. इलास्टिकची चड्डी बरी.

पिशवीत दोन जास्तीच्या चड्ड्या, जुन्या सुती साडीची दोन फडकी, साबणाचा तुकडा एका डबीत, थोडे जुने पेपर, धुण्यासाठी पाण्याची वेगळी बाटली (प्यायची वेगळी!) आणि ओल्या कपड्यांसाठी आट्याची किंवा फरसाणाची रिकामी पिशवी. कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा ह्या पिशव्या धुऊन जपून ठेवा. मुलग्यासाठी रुंद तोंडाची झाकणाची बरणी फार कामाला येते. अर्नाळ्याकडच्या एका मावशींनी ही युक्ती सांगितली, त्या नातवाला घेऊन बाजारात बसतात.

लोकलचं वेगळं. आपल्या भागातून भाजी, फुलं, मासे घेऊन किंवा कामाला दादरपर्यंत जाणाऱ्या तायांना ठाऊक आहे, लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. विरारहून दादर म्हणजे सव्वा तासाच्या आसपास, लांबली तर जास्त. म्हणून गाडी सुटण्याआधी स्टेशनवरच मुलाला नेऊन आणा, त्यासाठी एक गाडी सोडावी लागली तरी सोडा. मुलाने खूण केली की पुढच्या स्टेशनवर उतरायचं, "अजून थोडं थांब" नाही. विशेषतः नायगावला लक्ष ठेवा. नायगाव सुटलं की खाडी ओलांडून भाईंदर येईपर्यंत मध्ये थांबा नाही. उतरायचं तर नायगावलाच उतरा. गर्दीत दारापर्यंत पोचायचं असेल तर न लाजता मोठ्याने सांगा, "पोराला शू आलीये, जागा द्या." बायकांचा डबा कितीही भांडकुदळ असला तरी याला जागा देतो. पण चालत्या गाडीच्या दारात मुलाला कधीही धरू नका. बरणी वापरा, चड्डीत होऊ द्या, डबा पुसता येतो.

लांबच्या प्रवासाला डायपर लावला तर त्यात कमीपणा नाही. फक्त तीन-चार तासांत बदला, पावसाळ्यात त्याहून लवकर, नाहीतर पुरळ येतं. वापरलेला डायपर पेपरात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. संडासात किंवा खाडीत टाकायचा नाही.

जीवदानीला जाताना पायथ्याशीच उरकून घ्या. तेराशेच्या वर पायऱ्या, नवरात्रातली गर्दी, आणि मध्येच परत फिरणं म्हणजे काय ते गेलेल्यांना विचारा. हायवेवर शिरसाड, विरार फाटा, वसई फाटा या पट्ट्यातले पेट्रोल पंप लक्षात ठेवा, तिथे शौचालय असतं. "दादा, लेकराला घाई आहे, बाथरूम कुठे?" असं सरळ विचारा.

सार्वजनिक संडासात मूल घाबरतं. अंधार असतो, भांडं मोठं, वास. त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकवा, दोन्ही गुडघ्यांखाली हात घालून त्याला बसत्या स्थितीत उचलून धरा. त्याचा पाय भांड्याला लागत नाही आणि पडायची भीती राहत नाही. मुलीला धुताना, पुसताना नेहमी पुढून मागे. शीचे जंतू पुढे जाऊ नयेत म्हणून हे लहानपणापासून शिकवायचं.

आणि काहीच नसेल तर? मग आडोसा बघा, पण विहीर, हातपंप, ओढा, अंगणवाडी, खाण्याच्या गाड्या यांपासून लांब. शी झाली तर पेपरात उचला आणि संडासात टाका. तेही नसेल तर काठीने खड्डा करून मातीने नीट झाका. अर्नाळा-राजोडीच्या वाळूत करून "भरती येऊन नेईल" म्हणतात, ते चूक आहे. त्याच वाळूत दुसऱ्यांची पोरं खेळतात. "लहान लेकराच्या शीला कसला दोष?" असं आपल्या आज्या म्हणायच्या. पण लहान मुलाची शीसुद्धा मोठ्यांच्या इतकीच जंतूंनी भरलेली असते. जुलाबाचा आजार घरभर पसरतो तो बहुतेक तिथूनच, आपल्या न धुतलेल्या हातांनी. म्हणून साबणाचा तुकडा. नुसतं पाणी पुरत नाही.

मूल दिवसातून तीनदा किंवा जास्त पातळ शी करत असेल तर बाहेरचं काम पुढे ढकला. ओआरएसची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात, चोवीस तासांत संपवायची, उरलेलं फेकायचं. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. आशाताईंकडे दोन्ही मिळतं. शीत रक्त दिसलं, सहा-आठ तास शू झाली नाही, शू करताना मूल रडतं, सर्दी-खोकला नसताना ताप आहे, किंवा चांगलं सांगणारं मूल एकदम चड्डीत करायला लागलं, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

हे सगळं आईने सांभाळायचं असं मी लिहीत चालले आहे, ते मलाही खटकतंय. पिशवी बाबाही भरू शकतो, संडासात नेऊ शकतो. आणि शौचालयाला कुलूप असेल तर आईने कितीही तयारी केली तरी काय होणार?

मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली. कोरो संस्थेसोबत वस्त्यांमधल्या साध्या बायका शौचालयं मोजत फिरल्या. पुरुषांना लघवी फुकट आणि बायकांकडून पैसे घेतात, हे त्यांनी दाखवून दिलं आणि महापालिकेच्या मागे लागल्या. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालयं करा असं महापालिकांना बजावलं. आपल्यातल्या ज्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत राहतात त्यांनी प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज द्यावा. ज्या ग्रामपंचायतीत राहतात त्यांनी ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय लिहून घ्यायला लावावा. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला असतो, तेव्हा "पैसे नाहीत" हे उत्तर लगेच मान्य करू नका. अर्जात नुसतं "शौचालय हवं" लिहू नका. बाजाराच्या दिवशी उघडं हवं, आत पाणी, कडी आणि दिवा हवा, चावी कोणाकडे ते दारावर लिहिलेलं हवं, असं लिहा.

मी माझ्यापुरतं बदललं आहे. आता प्रशिक्षण ठरवताना बॅनरच्या आधी चावी मागते, एक बादली आणि साबण ठेवते, आणि सुरुवातीलाच सांगते, "शौचालय मागे आहे, मुलांना कधीही घेऊन जा, विचारायची गरज नाही." त्या ताईंचा अर्ज दोन महिने उशिरा भरला. त्या येतात, मुलगाही येतो.

तुमच्या गटाच्या या महिन्याच्या सभेत एक काम करा. आपल्या बँकेत, रेशन दुकानाजवळ, बाजारात, दवाखान्यात बायका-मुलांना वापरता येईल असं शौचालय कुठे आहे, कधी उघडं असतं, पैसे घेतात का, हे प्रत्येकीने सांगा आणि सचिवांनी इतिवृत्तात लिहा. ती यादी सीआरपी ताईंकडे द्या. सगळ्या गावांची आली की पुढच्या अंकात छापू.