संगणकाची जुळणी : मर्यादित द्रव्यात योग्य निवड

विद्यार्थिमित्रहो, घरात संगणक असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, परीक्षेचा अर्ज भरणे एवढ्यापुरता संगणक हवा असेल तर कोणतेही साधे यंत्र चालते. परंतु ज्यावर चित्रे काढावयाची आहेत, त्रिमितीय आकृती घडवावयाच्या आहेत आणि आधुनिक खेळही खेळावयाचे आहेत, अशा संगणकाची गोष्ट निराळी आहे. तो महाग असतो, आणि निवड चुकली तर पैसाही जातो व कामही अडते. अशा संगणकाचे भाग विचारपूर्वक कसे निवडावे, याचा थोडा अभ्यास आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

प्रारंभी आमची स्वतःची चूक सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या पुतण्यासाठी भोपाळमध्येच एक तयार यंत्र घेतले. त्याच्या पेटीस काचेची बाजू होती आणि आत सात रंगांचे दिवे फिरत होते. "इसमें सब चलेगा, भाईसाहब," असे दुकानदार म्हणाला, आणि आम्ही मान हलविली. पेटीच्या आत काय आहे हे आम्ही विचारले नाही. वैशाखात उकाडा वाढला तसे यंत्र अर्ध्या कामात बंद पडू लागले. एके दुपारी आतून करपल्याचा वास आला. विनानावाचा स्वस्त पॉवर सप्लाय जळाला होता आणि जाताना तो मदरबोर्डही घेऊन गेला होता. दोन हजार रुपये वाचवावयास गेलो आणि त्याच्या कितीतरी पट घालवून बसलो. दिव्यांना मात्र काही झाले नव्हते!

हा अनुभव ठाऊक असल्यामुळेच गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वहिनी आमच्याकडे आल्या. भिशीचे आणि शिवणकामाचे मिळून त्यांनी सत्तर हजार रुपये साठविले होते. त्यांच्या मुलीस डिझाइनचे शिक्षण घ्यावयाचे आहे. भोपाळजवळ अचारपुरा येथे २०१९ पासून राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, तिकडे तिचे डोळे लागलेले. धाकट्या मुलास खेळांची आवड. "भाऊजी, यंत्र एकच घेता येईल. दोघांचे भागले पाहिजे, आणि पुन्हा पाच वर्षे हा खर्च नको," एवढेच वहिनी म्हणाल्या. गणिताच्या पुस्तकातील उदाहरणापेक्षा हे उदाहरण अवघड होते, कारण यातील उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, एका माउलीची चार वर्षांची बचत जाते.

मर्यादित साधनांतून उत्तम यंत्र उभारणे ही आपल्या देशात नवी गोष्ट नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे हिशेब केल्यास केवळ १० किलोबाइटची होती. आज साधारण घरगुती यंत्रात १६ गिगाबाइट रॅम असते, म्हणजे टिफ्रॅकच्या सोळा लाखपटींहून अधिक! पुढे १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत आणि तीस कोटी रुपयांत महासंगणक उभारण्याचे काम तिच्याकडे आले. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एकच प्रचंड शक्तीचा प्रोसेसर वापरण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर त्यात परस्परांशी जोडून एकत्र कामास लावले होते. या उदाहरणातून आपणांस घेण्याजोगा धडा असा की, यंत्राचे सामर्थ्य त्यातील सर्वांत महाग भागावर ठरत नाही. सर्व भाग एकमेकांस किती साथ देतात यावर ते ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पहिला प्रश्न 'कोणता भाग घ्यावा' हा नसून 'काम कोणते करावयाचे' हा असतो. मुलीचे काम दोन प्रकारचे होते. सपाट चित्रे, म्हणजे क्रिटा, इंकस्केप यांसारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालींवरील रेखाटन, हा पहिला प्रकार. त्यात प्रोसेसर, रॅम आणि मॉनिटर यांचे महत्त्व अधिक. दुसरा प्रकार ब्लेंडर या, तशाच मोफत, प्रणालीतील त्रिमितीय आकृतींचा. त्यांची अंतिम प्रतिमा तयार करताना ग्राफिक्स कार्डावर मोठा भार पडतो. मुलाच्या खेळांचा भारही मुख्यतः ग्राफिक्स कार्डावरच.

हा भार किती ते गणिताने पाहू. नेहमीच्या मॉनिटरवर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. खेळाचे चित्र सेकंदास ६० वेळा बदलावयाचे तर दर सेकंदास १२ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. मॉनिटर 'फोर-के' घेतला तर बिंदू चौपट होतात आणि कार्डावरील भारही त्या मानाने वाढतो. म्हणून आमच्या मर्यादेत पहिल्या प्रतीच्या मॉनिटरवरच थांबणे शहाणपणाचे ठरले. मात्र तो आयपीएस पटलाचा घेतला, कारण त्यावर बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. जिला रंगांचे काम शिकावयाचे आहे तिला मॉनिटरच खोटे सांगू लागला तर शिकणार काय?

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत नव्या-जुन्या पिढीइतकेच त्याच्या स्वतःच्या स्मृतीकडेही लक्ष द्यावे. एनव्हिडियाच्या २०२१ च्या आरटीएक्स ३०६० कार्डाची १२ गिगाबाइट स्मृतीची आवृत्ती आहे, तर २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्ये ८ गिगाबाइट आहे. नवे कार्ड खेळांत वेगवान आहे व वीजही कमी घेते. परंतु ब्लेंडरमधील मोठे दृश्य कार्डाच्या स्मृतीत मावले नाही तर काम मंदावते किंवा थांबतेही. तेव्हा 'नवे ते उत्तम' हा नियम येथे सरसकट लागू पडत नाही. मुलीच्या आकृती अद्याप लहान असल्याने आम्ही ८ गिगाबाइटचे नवे कार्ड निवडले.

प्रोसेसर सहा कोअरचा असला म्हणजे या दोन्ही कामांना पुरतो. येथे एका अक्षराची गंमत ध्यानात ठेवावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असतो, उदाहरणार्थ कोअर आय-५ १२४००एफ, त्यात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नसते. तो काहीसा स्वस्त मिळतो. परंतु वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच उमटत नाही. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असावे लागते. एएमडीच्या एएम-४ सॉकेटचा प्रोसेसर एएम-५ च्या मदरबोर्डावर बसत नाही. तसेच डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या खाचा निराळ्या असल्याने एकीच्या जागी दुसरी बसविता येत नाही. कुलूप एका कारखान्याचे आणि किल्ली दुसऱ्याची, अशी गत होऊ नये म्हणून हे तिन्ही भाग एकत्रच निवडावेत.

रॅम १६ गिगाबाइटची घ्यावी, आणि शक्यतो ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरकडे माहिती दोन वाटांनी येते व वेग वाढतो. मदरबोर्डावर रॅमसाठी चार जागा असतील तर पुढे आणखी दोन पट्ट्या घालता येतात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव भराभर चढले. त्यामुळे जुने दरपत्रक हाती धरून बाजारात जाऊ नये. साठवणीसाठी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्यावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा ती अनेक पटींनी जलद असते. हार्ड डिस्क घरी असल्यास ती टाकू नये. तीवर कामाच्या प्रती जपून ठेवाव्यात.

आता आम्हांस ज्याने धडा शिकविला त्या पॉवर सप्लायविषयी. आमच्या कार्डाची कमाल वीज ११५ वॅट, प्रोसेसरची ११७ वॅट आणि उर्वरित भागांची अदमासे ६० वॅट धरली, तर बेरीज २९२ वॅट होते. म्हणून ५५० वॅटचा पॉवर सप्लाय घेतला. तो पूर्ण भाराच्याही वेळी साधारण अर्ध्या क्षमतेवर चालतो. '८० प्लस ब्राँझ' या प्रतीचा पॉवर सप्लाय अर्ध्या भारास सुमारे ८५ टक्के कार्यक्षम असतो. म्हणजे यंत्रास २९२ वॅट देण्यासाठी तो भिंतीतून सुमारे ३४४ वॅट घेतो. उरलेल्याची उष्णता होते. हे चिन्ह केवळ कार्यक्षमतेचे आहे, हे विसरू नये. म्हणून कंपनी नावाजलेली आहे ना आणि हमी किती वर्षांची आहे, हेही पाहावे.

यात मॉनिटरचे २५ वॅट मिळविले की ३६९ वॅट झाले. बाजारातील ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच देतो! अर्थात् पूर्ण भाराच्या वेळी वीज गेली तर तो दगा देण्याचा संभव. म्हणून १,००० व्हीएच्या पुढचाच घ्यावा. वीजयंत्रांचा 'भेल'सारखा अवाढव्य कारखाना ज्या गावात उभा आहे, तेथील मुलांना तरी व्हीए आणि वॅट यांतील भेद ठाऊक असावा, नाही का?

आपल्या गावी मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. यंत्राच्या आतील हवा खोलीतील हवेपेक्षा थंड असू शकत नाही. म्हणून पेटीची पुढची बाजू काचेची नव्हे, तर जाळीची असावी, एक पंखा हवा आत घेणारा व एक बाहेर टाकणारा असावा, आणि जाळीवरील धूळ महिन्यातून एकदा पुसावी.

वहिनींच्या सत्तर हजारांची वाटणी आम्ही शेवटी अशी केली. शंभर रुपयांपैकी ग्राफिक्स कार्डास २८, प्रोसेसरला १५, रॅमला १२, मॉनिटरला ११, मदरबोर्डास १०, एसएसडीला ८, पॉवर सप्लायला ७, यूपीएसला ५ आणि पेटीला ४. कीबोर्ड व माऊस घरी होतेच. ज्यास केवळ सपाट चित्रे काढावयाची आहेत त्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता अंगभूत चित्रसोय असलेला प्रोसेसर घ्यावा, आणि वाचलेला पैसा रॅम व मॉनिटर यांवर घालावा. पुढे गरज पडली तर कार्ड केव्हाही बसविता येते. पॉवर सप्लाय मात्र आधीच पुरेसा असावा.

यादी घेऊन आम्ही महाराणा प्रताप नगरातील तीन दुकाने पालथी घातली. प्रत्येक भागाचा भाव स्वतंत्र लिहून घेतला, जीएसटीसह पक्के बिल मागितले आणि बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक नोंदवून घेतला. हमी बहुधा भागाभागाची असते. अनुक्रमांकाशिवाय ती मागता येत नाही. वापरलेले कार्ड निम्म्या किमतीत देऊ करणाराही एकजण भेटला. परंतु ते भाराखाली तास-दीड तास चालवून दाखविण्यास तो तयार होईना, तेव्हा आम्ही हात जोडून बाहेर पडलो.

रविवारी सकाळी बहीणभावांनी मिळून जुळणी केली. आम्ही केवळ खुर्चीवर बसून होतो. कळ दाबली, पंखे फिरू लागले, पण पडदा काळाच! वहिनींचा चेहरा उतरला. मुलाने मागे वाकून पाहिले आणि तो हसू लागला. "ताई, तू केबल मदरबोर्डात लावलीस. आपल्या प्रोसेसरच्या नावात 'एफ' आहे ना!" केबल ग्राफिक्स कार्डात लावताच पडदा उजळला. दोन भावंडांत त्या दिवशी एक करारही झाला : संध्याकाळी सातपर्यंत यंत्र ताईचे, नंतर एक तास धाकट्याचे, आणि तिच्या कामाची अंतिम प्रतिमा तयार होत असेल तर खेळ दुसऱ्या दिवशी. उन्हाळा आला आणि गेला. यंत्र एकदाही मध्येच बंद पडले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी असा प्रसंग येईल तेव्हा आधी कागद-पेन्सिल घ्या, काम लिहा, वॅटांची बेरीज करा, आणि मगच दुकानाची पायरी चढा. तुमच्या हातातील नोटा कोणीतरी एकेक करून साठविलेल्या असतात. त्यांचा मान राखणे, हाच या अभ्यासाचा पहिला आणि शेवटचा नियम होय.