साखर आणि भाकरी

वैशाखातील ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. आमच्या आजोबांना मधुमेह आहे. ते रोज सकाळी इन्सुलिनचे इंजेक्शन घेतात आणि लगोलग न्याहारीला बसतात. त्या दिवशी मात्र इंजेक्शन होते न होते तोच विहिरीवरील पंप बंद पडल्याची वर्दी आली, आणि आजोबा तसेच उपाशीपोटी मळ्यात गेले. तासाभराने परतले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, कपाळ घामाने डबडबले होते आणि बोलताना जीभ अडखळत होती.

माझी आत्या परिचारिका आहे. ती त्या वेळी माहेरी आली होती, हे आमचे भाग्यच! तिने आजोबांकडे एकवार पाहिले, पेलाभर पाण्यात चार चमचे साखर विरघळवली आणि "बाबा, एवढे घ्या पाहू," असे म्हणत घोट घोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांत आजोबा सावरले. मग तिने त्यांच्यापुढे ज्वारीची भाकरी आणि पिठले वाढले.

"आत्या, आजोबांना तर साखर वर्ज्य ना? मग तू साखरच कशी दिलीस? आणि वर पुन्हा भाकरी कशाला?" मी विचारले.

उत्तर न देता तिने भाकरीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "हा नुसताच चावत राहा. गिळू नकोस."

मी चावत राहिलो. हळूहळू जिभेला किंचित गोडी जाणवू लागली. भाकरीत तर कोणी साखर घातली नव्हती!

आत्या हसली. "भाकरीत पिष्ट असते. द्राक्षशर्करेचे शेकडो, हजारो मणी गुंफले की पिष्टाची साखळी तयार होते. साखळी अखंड असते तोवर गोडी कळत नाही. तुझ्या लाळेने ती तोडावयास आरंभ केला, म्हणून तुला गोड लागले. उरलेले काम आतड्यात होते, आणि सुटे झालेले मणी रक्तात उतरतात. याला वेळ लागतो. साखरेच्या कणात मात्र दोनच मणी. एक द्राक्षशर्करेचा आणि दुसरा फलशर्करेचा. ते सुटावयास कितीसा वेळ? इन्सुलिनने बाबांच्या रक्तातील शर्करा उतरवली होती आणि पोटात अन्न नव्हते. तेव्हा भाकरीची वाट पाहून चालले नसते. पण साखर जशी लवकर येते तशी लवकर सरतेही. पुढचा भार भाकरीने उचलायचा. आणि हे लक्षात ठेव, माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा."

साखर आणि पिष्ट ही दोन्ही कर्बोदकेच. पहिले साधे, दुसरे संयुक्त. गूळ बिचारा उगीच सज्जन ठरला आहे. त्यातही बहुतांश साखरच असते. बाटलीतील गोड पेयांचे तर विचारूच नका. त्यांपैकी बहुतेकांत दर १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत सहा चमचे!

परंतु संयुक्त कर्बोदक म्हटले की ते सावकाशच पचते, असेही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या पिठात कोंडा राहतो. त्यातील तंतूंमुळे पचन मंदावते. मैद्यातून आणि पांढऱ्याशुभ्र तांदळातून तो काढून टाकलेला असतो, म्हणून त्यांची शर्करा रक्तात भराभर उतरते.

हे ऐकताच आजोबांनी हळूच मान खाली घातली. चहातील साखर सोडल्याचा त्यांना मोठा अभिमान होता; पण रात्री ताटात भाताचा डोंगर असे! आता त्या डोंगराची मूद झाली आहे, आणि शेजारी डाळ, उसळ व पालेभाजी यांना जागा मिळाली आहे.

मळ्यात निघाले की आजोबांचा खिसा तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यात साखरेची पुडी असल्याशिवाय मी त्यांना उंबरठा ओलांडू देत नाही.